गच्चीवरचा सौर संच आणि तो बसवून देणारा लहान व्यावसायिक: वर्षभराचा अनुभव

उदयोन्मुख बाजारपेठांत अक्षय ऊर्जेचे लहान उद्योग कसे उभे राहतात आणि कुठे अडतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. म्हणूनच नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरावर 3 किलोवॉटचा संच बसवायचे ठरले, तेव्हा मी मुद्दाम पाच-सहा माणसांच्या बळावर चालणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाला काम दिले. एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा पाहून हे लिहीत आहे.

बसवणीचे काम उत्तम झाले. आईची वाळवणे एप्रिलमध्ये गच्चीवरच होत असल्याने स्ट्रक्चर आठ फूट उंच हवे होते. ते त्यांनी स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे केले, आणि अर्थिंगचे तिन्ही खड्डे मला समोर उभे करून खोदले. पहिल्याच भेटीत मालकांनी सांगितले की, मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, असे समजू नका. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के उत्पादन घटते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पॅनेल 65 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे 14 टक्के वीज तिथेच जाते. विकणाऱ्याने स्वतःहून हे सांगणे मला विशेष वाटले.

कागदपत्रांची बाजू मात्र लंगडी निघाली. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण ते संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येते. तोवर पैसा कुणीतरी गुंतवून ठेवावाच लागतो, आणि वितरकाकडून रोखीने माल उचलणाऱ्या लहान व्यावसायिकाला तेच सर्वांत जड जाते. पॅनेल स्वस्त झाले तरी पैशाचा हा पेच सुटत नाही. केनियात एम-कोपा या सौर कंपनीने मोबाइलवरून रोजच्या छोट्या हप्त्यांची सोय केली, तर कर्नाटकात 1995 मध्ये सुरू झालेल्या सेल्को या सौर कंपनीने ग्रामीण बँकांना सोबत घेतले, ते याचसाठी. आमच्या व्यावसायिकाने बँकेच्या कर्जाचा अर्ज स्वतः भरून दिला, हे खरे. पण वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आहे, हे त्याने पाहिलेच नाही. अर्ज परत आला, नाव बदलण्यात दोन महिने गेले आणि तेवढा काळ पॅनेल गच्चीवर नुसते ऊन खात पडले. पहिला प्रश्न बिलावरच्या नावाचाच असायला हवा होता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्यांच्या विक्री करणाऱ्या मुलाने ‘लाइन गेली तरी घरात वीज राहील’ असे छातीठोक सांगितले होते. पण बॅटरी नसलेला, ग्रीडला म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) पुरवठा खंडित होताच बंद पडतो. पॅनेलची वीज बंद तारेत उलटी जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. हे मला ठाऊक होते, आईला नव्हते. जूनच्या पहिल्या वादळानंतर स्वच्छ ऊन पडले असताना घरातला कूलर थांबला, तेव्हा तिने मला विचारलेला प्रश्न इथे लिहिण्यासारखा नाही. मालकांनी सबब न सांगता चूक मान्य केली.

नंतरची सेवा समाधानकारक आहे. इन्व्हर्टर वायफायवरून सुटला, तर तिसऱ्या दिवशी माणूस आला. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याने काचेवर पांढरे डाग धरतात, म्हणून नळाच्या पाण्याने आणि तेही ऊन चढण्यापूर्वी धुवावे, हे त्याने स्वतः धुऊन दाखवले. वर्षाची सरासरी रोज 12 युनिटच्या आसपास आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. बेसा येथील भावाच्या घराचे काम मी यांनाच देणार आहे, फक्त या वेळी बॅटरीचा मुद्दा कोटेशनवर आधी लिहून घेईन.