अँबॅसॅडरचा कॅम शाफ्ट: ग्राइंड करून घ्यावा की नवा टाकावा?

बोअर-पिस्टनचं ठरतं, क्रँक मापून होतो, आणि मग गाडं अडतं ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम शाफ्टपाशी. 1489 सीसीच्या पेट्रोल अँबॅसॅडरचं इंजिन बांधताना मी दोनदा इथे अडकलो. माझ्या गाडीत नवा शाफ्ट टाकला. दोन वर्षांनी मेहुण्याच्या गाडीत जुनाच ग्राइंड करून बसवला. दोन इंजिनांवरून नियम बांधू नये हे मान्य, पण दोन्हींमध्ये हात काळे केलेत म्हणून लिहितो.

आधी एक खात्री करा, की हा खर्च खरंच करायचाय का. लोब (शाफ्टवरचे उंचवटे) गुळगुळीत आहेत, त्यांवर टेकून वरखाली होणाऱ्या टॅपेटच्या तळाला खड्डे नाहीत, तर जुनी जोडी तशीच परत जाऊ द्या. टॅपेट अंड्याच्या ट्रेमध्ये एक ते आठ ओळीने ठेवा आणि ज्याचा त्याला त्याच लोबवर बसवा. घरातल्या पोरांनी ट्रे उलथला, तर मात्र सगळं नवीन धरून चाला.

नव्या शाफ्टचा फायदा उघड आहे. वाट बघावी लागत नाही, लोब भरलेले असतात, आणि ऑइल पंप व डिस्ट्रिब्यूटर चालवणाऱ्या गिअरचे दातही कोरे मिळतात. मीही त्यालाच भुललो. बसवला, टायमिंग चेन चढवली, दोन्ही गिअरच्या खुणा समोरासमोर आल्या. गाडी पहिल्याच सेल्फला उठली, आयडलही बरं होतं.

पण दम नव्हता. चार माणसं बसवून नागपुरात वर्धा रोडचा उड्डाणपूल चढायला लागलं की टॉपमध्ये रेटेना, थर्ड मागायची. तीन रविवार कार्बोरेटरमध्ये गेले, चौथा डिस्ट्रिब्यूटरमध्ये. मिस्त्रीला म्हटलं टायमिंग बघू, तर तो म्हणतो, "भाऊ, डॉटला डॉट लागला ना? मंग काहून टेन्शन घेऊन राहिले?" शेवटी अंश मोजायला पुठ्ठ्याची चकती कापून क्रँकवर लावली, टॅपेटवर उभ्या असलेल्या पुशरॉडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) टेकवला. व्हॉल्व्ह क्रँकच्या हिशेबात सात-आठ अंश उशिरा उघडत होता. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे शाफ्टवर फरक जेमतेम चार अंशांचा. गिअर शाफ्टवर अडकवणारी चावी जिथे बसते ती शाफ्टवरची खाचच किंचित सरकलेली होती. खुणा बिचाऱ्या खऱ्याच होत्या, खाच खोटी होती. पुन्हा रेडिएटर, पुली, टायमिंग कव्हर, सगळं खाली. लेथवाल्याकडून तेवढा फरक भरून काढणारी पायरीची चावी करून घेतली तेव्हा गाडी माणसात आली.

सगळेच नवे शाफ्ट असे निघतात असं मी म्हणणार नाही. तुमच्या नशिबी चांगला येईलही. पण माझं मन तिथेच उडालं.

मेहुण्याच्या वेळी म्हणूनच जुना शाफ्ट हिंगणा एमआयडीसीत ग्राइंडिंगला दिला. त्याचं नाक (पुढचं टोक), चावीची खाच, तिन्ही जर्नल (बुशमध्ये फिरणारे गोल भाग) कारखान्याचीच राहतात. घासले जातात फक्त लोब. लोबचा घेर थोडा कमी होतो, तेवढा व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा स्क्रू जास्त आवळावा लागतो, बस्स. डायल गेज तरीही लावलाच, कारण ग्राइंडिंग करतानाही हात चुकू शकतो. कव्हर लावण्याआधीचा अर्धा तास परवडतो, नंतरचे चार रविवार नाही परवडत.

यातही भानगडी आहेत. लोबला अगदी बारीक उतार असतो, टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. त्यामुळे टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरतो आणि एकाच जागी झिजत नाही. ग्राइंडरवाल्याने लोब सपाट केला की हे फिरणं थांबतं आणि थोड्याच दिवसांत लोब खाल्ला जातो. त्याला उताराबद्दल विचारा. तो गोंधळला तर शाफ्ट उचलून घरी या. खड्डे खोल असतील, किंवा पंपाच्या गिअरचे दात धारदार झाले असतील, तर ग्राइंडिंगचा हट्ट नको, नवाच घ्या. आणि शाफ्ट नवा असो की ग्राइंड केलेला, जुने टॅपेट बाद.

बसवताना ब्लॉक उभा करा, पुढची बाजू वर. जर्नल पुढून मागे लहान होत जातात, म्हणून शाफ्ट पुढूनच जातो. आडव्या ब्लॉकमध्ये तो झुकतो आणि लोबच्या कडा बुशला ओरखडतात. उभ्या ब्लॉकमध्ये विहिरीत घागर सोडावी तसा सोडता येतो. पकडायला गिअर तात्पुरता लावून घ्या. लोबवर मॉलीची पेस्ट (मॉलिब्डेनमचं घट्ट वंगण) सढळ हाताने.

मग पहिली वीस मिनिटं. गाडी उठली की आयडलवर सोडायची नाही, 2000 आरपीएमच्या आसपास धरून ठेवायची, म्हणजे लोबवर तेल उडत राहतं. नागपूरच्या मे महिन्यात हे दुपारी करू नका. मी पहाटे साडेपाचला केलं, तरी काटा चढायला लागला, म्हणून हॉलमधला कूलर ओढून रेडिएटरसमोर लावला. घरात त्यावरून जे झालं ते इथे नको. नंतर रॉकर कव्हर काढून आयडलवर पुशरॉड बघा. आठही हळूहळू फिरताना दिसले तर जमलं.

मेहुण्याचे आठही फिरतात. माझी गाडीही आता कुरकुर न करता चालते, पण तिचा जुना शाफ्ट मी भंगारात दिलेला नाही. तेल लावून माळ्यावर उभा टांगून ठेवलाय; इंजिन परत उघडेल तेव्हा तो हिंगण्याला जाईल.