निकेलची खाण घ्यायची तर इंडोनेशियातली का ऑस्ट्रेलियातली?

कुपवाड एमआयडीसीत आमचा एक मित्र स्टीलच्या टाक्या करतो. स्क्रॅप आलं की आधी चुंबक लावतो, चिकटलं तर ४३० नंबरचं स्टेनलेस, निकेल नसल्यात जमा, नाय चिकटलं तरी २०२ असू शकतं म्हणून वर केमिकलचा थेंब टाकून बघतो, कारण ३०४ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं आणि पैसे त्याचेच. परवा म्हणाला, बाहेरचे शेअर घेता येतात ना आता, निकेलच्या खाणीचा घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ?

आधी एक सांगितलं, ईव्ही-ईव्ही म्हणजे विजेच्या गाड्या म्हणून घेत असशील तर थांब. जगातलं साधारण दोन तृतीयांश निकेल तुझ्यासारख्यांच्या स्टेनलेसमध्ये जातं, आणि गाड्यांच्या एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत तर निकेल नसतंच.

आता इंडोनेशिया. २०२० पासून त्यांनी निकेलची कच्ची माती म्हणजे खनिज बाहेर पाठवायची बंदी केली, मग चिनी कंपन्यांनी तिथंच भट्ट्या टाकल्या, कोळशाची वीज, स्वस्त मजूर, आणि आता जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तिथून निघतंय. माल एवढा झाला की पूर्वी हरिपूरच्या पेवात हळद पडून असली की सांगलीत दर उठायचा नाय, तसंच लंडन मेटल एक्स्चेंजच्या, म्हणजे जगाचा निकेलचा भाव जिथं ठरतो त्या बाजाराच्या, गोदामांचं झालं. २०२३ च्या सुरुवातीला टनाला ३०,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव २०२४ संपताना १५,००० वर.

त्यात मेली ऑस्ट्रेलियाची खाण. माल चांगला, पण मजुरी, वीज सगळंच महाग. बीएचपीसारख्या बड्या खाण कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये निकेल वेस्ट या तिथल्या आपल्या निकेलच्या धंद्याचं काम थांबवलं, मग छोट्या खाणवाल्यांचं काय घेऊन बसलास. भाव दुप्पट झाला तर हेच शेअर सगळ्यात जास्त उडतील हे खरं, पण मला तरी ते लॉटरीचं तिकीट वाटतं.

म्हणजे इंडोनेशिया डोळे झाकून घ्यायचं का, तर तसंही नाय. आपल्याकडं साखर निर्यातीचा कोटा दिल्लीत ठरतो तसा तिकडं खाणीतून किती माती काढायची ते जाकार्तात ठरतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी रॉयल्टीही वाढवली. कोटा आवळला की भाव वर जाणार, पण ज्या खाणीचा कोटा कापला तिचा शेअर तुझ्याकडं असला की बसलास बोंबलत.

ब्राझीलच्या वालेसारखी मिक्स कंपनी घेतली तर झोप लागेल, पण धंदा मुख्य लोखंडाचा, निकेल तोंडी लावायला. थेट भावावर सौदा तर नकोच, ८ मार्च २०२२ ला भाव १ लाख डॉलरच्या वर गेला आणि एक्स्चेंजनं त्या दिवसाचे सौदेच रद्द केले, ज्यांचा अंदाज बरोबर आला तेही हात हलवत घरी.

घ्यायचंच असेल तर कमी खर्चाची, कर्ज कमी असलेली इंडोनेशियातली, आणि तीही थोडीच, असं मी म्हटलं. गडी म्हणतो, त्यापेक्षा ३०४ चं स्क्रॅपच दोन टन जादा भरून ठेवतो की शेडमध्ये. भर म्हटलं, फक्त थेंब टाकून घे.