पार्तागास सेरी डी नंबर ४: नऊ महिने आणि एकोणीस सिगारींनंतर

गेल्या मे महिन्यात मेहुणे दुबईहून आले, तेव्हा त्यांच्याकडून ही पेटी मागवली. पेटीत २५ सिगार असतात आणि आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशाला सीमाशुल्कातून सूटही २५ सिगारींचीच आहे, म्हणजे एका पेटीत त्यांचा कोटा संपला. २०२२ मध्ये हवानाच्या, म्हणजे क्युबाच्या, सिगारींचे भाव जगभर भडकले, त्यामुळे एवढा खर्च करावा का यावर मी बरेच दिवस घुटमळत होतो. आजवर एकोणीस ओढल्या, एक फेकावी लागली, पाच शिल्लक आहेत. पहिल्या दोन सिगारींवरून मत बनवलं असतं तर ते साफ चुकलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडी ओळख. खाइमे पार्तागास यांनी १८४५ मध्ये हवानात हे नाव सुरू केलं. सेरी डी नंबर ४ रोबुस्तो मापाची आहे: लांबी १२४ मिमी, जाडी ५० रिंग, म्हणजे जेमतेम २० मिमी. लाल पट्टी दुरूनही ओळखू येते. पान क्युबाच्या पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतातलं, वुएल्ता आबाखो भागातलं. हिला जड म्हणतात ते लिखेरोमुळे. लिखेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची पानं. त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं, ती जाड होतात, सावकाश जळतात आणि वळताना मधोमध ठेवली जातात.

आमचं मूळ गाव निपाणीकडचं. आजोबांची तंबाखूची शेती होती, बाबांचं लहानपण वखारीत गेलं. तिकडचा तंबाखू विडीचा, उन्हात वाळवलेला. सिगारचं पान सावलीत, हवेशीर घरात टांगून वाळवतात आणि मग ढीग लावून आंबवतात. पण झाडाचा शेंडा खुडून सगळा जोर पानात उतरवायचा, हे दोन्हीकडे सारखंच. पेटी उघडली तेव्हा बाबांनी एक सिगार न पेटवताच नाकाशी धरली, दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरे, पान अजून मुरलेलं नाही. राहू दे थोडे महिने."

मी ऐकलं नाही. मे अखेरीस एक आणि जूनमध्ये एक ओढली. दोन्ही वेळा सुरुवातीलाच अमोनियाची झोंबरी झाक आली, नुसता तिखटपणा जाणवला आणि अर्ध्यावर जीभ बधिर झाली. पेटीच्या बुडाशी शिक्का पाहिला तर नोव्हेंबरचा, म्हणजे ती भरून जेमतेम सात महिने झाले होते. आंबवलेल्या पानातला उरलासुरला अमोनिया जायला वेळ लागतो. बाबांच्या नाकाला ते न पेटवताच कळलं होतं.

त्यात मुंबईचा पावसाळा. एका दुकानातून घेतलेल्या लाकडी ह्युमिडॉरचा, म्हणजे सिगारींसाठी ओलावा राखणाऱ्या पेटीचा, आर्द्रतेचा काटा ६८ टक्के दाखवत होता. काटा ओल्या मिठासोबत बंद डब्यात ठेवून मिठाची चाचणी घेतली (तिथे ७५ टक्के दिसायला हवेत) तेव्हा कळलं, तो आठ टक्के कमी दाखवतोय. तोवर सिगारी फुगल्या होत्या, एकीला बुरशी धरली होती आणि एकीचं वरचं पान पेटवल्यावर उभं तडकलं. आता सगळ्या हवाबंद डब्यात आहेत. त्यात पेटीतलाच सीडर लाकडाचा पातळ पापुद्रा आणि ६५ टक्क्यांची ओलावा राखणारी पाकिटं ठेवली आहेत. डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात असतो, कारण पारा २५ अंशांच्या वर राहिला की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायची भीती असते. आपल्या हवेत ६५ च बरं, ७० चा आग्रह धरू नका.

खरी चव दिवाळीनंतर कळली. टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, अगदी थोडी, दोनेक मिलिमीटर कापली. न पेटवता ओढून पाहिलं तर सुकं गवत आणि सीडर. पेटवायला सीडरचीच चिरफळी घेतली आणि सिगार ज्योतीच्या वर धरून फिरवत राहिलो, कडा सगळीकडून सारखी लाल होईपर्यंत. पहिल्या झुरक्याला काळी मिरी, पण आता ती घशात न टोचता टाळूवर पसरत होती. पंधरा मिनिटांनी मिरी मागे सरली आणि तव्यावर जरा जास्त भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूसपणा आला, त्यामागून कोको आणि नव्या चपलेच्या कातड्याचा वास. धूर दाट, जवळजवळ चावता येईल असा. राख करडी आणि घट्ट, इंचभर झाली तरी पडेना. शेवटच्या तिसऱ्या भागात कडक कोरी कॉफी आणि मातकटपणा. बोटांना धग लागली तशी खाली ठेवली. पंचावन्न मिनिटं झाली होती.

घाई केलीत तर हीच सिगार कडू होते. मिनिटाला एक झुरका पुरे. विझली तर राख झाडून, एकदा हलकेच फुंकून पुन्हा पेटवावी, त्यात काही बिघडत नाही. धूर तोंडातच फिरवायचा, छातीत घ्यायचा नाही. तरी निकोटिन लागतं, उपाशीपोटी तर फारच. एकदा संध्याकाळी चार वाजता, दुपारचं जेवण चुकलेलं असताना पेटवली आणि दहाव्या मिनिटाला घाम फुटून गरगरलं. तेव्हापासून जेवल्यानंतर आणि सोबत गुळाचा खडा, हे ठरलेलं. रमपेक्षा मला हिच्याबरोबर गूळ आणि बिनदुधाची कॉफीच जास्त जमली, रमच्या गोडव्यात मधला कोको हरवतो. तब्येतीला धोका आहेच, तोंडाच्या कर्करोगाचासुद्धा. म्हणून पंधरवड्याला एक, त्याहून जास्त नाही.

पहिलीच सिगार म्हणून ही घेऊ नका, आधी एखादी सौम्य ओढून पाहा. ज्यांना जड तंबाखू आवडतो आणि पेटी वर्षभर न उघडता ठेवायचा धीर आहे, त्यांनी जरूर घ्यावी. विकत घेताना हिरवी-पांढरी हमीपट्टी आणि होलोग्राम पाहा, काचेच्या झाकणाची पेटी नकली समजून तिच्या वाटेला जाऊ नका.

उरलेल्या पाचांपैकी दोन याच महिन्यात ओढेन. तीन वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर पुढच्या वर्षीच्या दिवाळीची तारीख लिहिली आहे. पेटवण्याआधी त्या बाबांच्या नाकाशी जातील.