सिंकसाठी कापलेला तुकडा मागून घ्या

लाकडी ओटा करायचा ठरल्यावर मी महिनाभर त्यातच डोकं घातलं होतं. कुठलं लाकूड पाण्याला टिकतं, कुठलं तेल किती दिवसांत वाळतं, सगळं तोंडपाठ. तरी फसलो.

दुकानात दाखवलेला नमुना भरीव सागाचाच होता. हाताला तेलकट लागत होता, वासही सागाचा. निम्मे पैसे तिथेच मोजले. बिलावर लिहिलं होतं, ‘सागवानी ओटा, 40 मिमी’. ‘भरीव’ हा शब्द त्यात नव्हता आणि पुढे घोडं तिथेच पेंड खात बसलं.

ओटा कोरा आणायचा, तेल मी लावणार, असं ठरलं होतं. आला तो चकचकीत होऊन. ओटा बसवायला आलेला सुतार म्हणाला, “काका, कारखान्यात टंग ऑइल मारलंय. हाताने असं जमत नाही.” शुद्ध टंग ऑइलचा (टंग झाडाच्या बियांचं तेल) एक हात वाळायलाच दिवस जातात, पूर्ण मुरायला काही आठवडे. शिवाय ते लाकडात उतरतं, वर अशी काचेसारखी चकाकी देत नाही. डब्यावर टंग ऑइल लिहिलेलं असतं आणि आत बहुतेक व्हार्निश आणि थिनर, हेही वाचलेलं होतं. पण ओटा दारात आलेला, चार माणसं घामाघूम. परत न्या म्हणायची जीभ रेटली नाही.

सिंकची जागा कापताना त्याने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. भुसा उडेल म्हणे. बाहेर आलो तर कडांना सिलिकॉन भरून तयार. कापलेला तुकडा ठेवून जा, चिरायला फळी होईल, म्हटलं, तर तो “कधीच गाडीत टाकला.” किती तत्पर माणूस, असं मला तेव्हा वाटलं!

खरा पुरावा त्याच तुकड्यात होता. भरीव लाकडाच्या वरच्या रेषा लांबीच्या टोकाशी आल्या की तिथे आडव्या छेदात बारीक छिद्रं आणि वर्षवलयांच्या कमानी दिसायला हव्यात. माझ्या ओट्याच्या टोकालाही लांब सरळ रेषाच होत्या, कारण तिथे सागाची पट्टी चिकटवलेली होती. पुढच्या कडेलाही तशीच पट्टी. मागची कड भिंतीला टेकलेली, म्हणजे बघायची सोयच नाही. वजनावर तर मुळीच जाऊ नका. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेलं फळकूट) सागाइतकंच, कधीकधी जास्तच जड भरतं.

गंमत म्हणजे ज्या गोष्टीचं मी वर्षभर कौतुक केलं, तीच चोरीची खूण होती. भरीव लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. 60 सेंमी रुंदीत हा फरक काही मिलिमीटरचा पडू शकतो. म्हणून जाणकार सुतार खालून स्क्रू लावताना लांबट भोकं ठेवतो, ओट्याला सरकायला वाव मिळावा म्हणून. याने सगळीकडून घट्ट आवळून टाकला होता. तरी तडा नाही, बाक नाही. येईल त्याला मी सांगायचो, बघा कसा जमून बसलाय!

मग नळाच्या बाजूची कड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वर आली. म्हटलं घासून पुन्हा तेल लावू. लाकडाचा फायदाच तो. 120 नंबरचा पॉलिश पेपर दोनचार वेळा फिरवला आणि सागाच्या रेषा पुसून खालून तपकिरी भुसकट दिसू लागलं. वरचा साग एक मिलिमीटरसुद्धा नव्हता.

जाब विचारला तर म्हणाला, “वरून सागच दिलाय ना? बिलात भरीव कुठे लिहिलंय?”

दुसऱ्या वेळी बिलावर लाकडाचं नाव, जाडी आणि ‘आरपार भरीव, विनीयर नाही’ (विनीयर म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असं लिहून घेतलं. फळ्या कोऱ्या आणवल्या, भिंतीकडची कड आधी पाहिली, आणि कापताना शेजारी उभा राहिलो, भुसा खात. नवा सुतार आधी जरा चिडला, मग स्वतःच तुकडा पुढे केला. तेल मीच लावलं, वरून तसंच खालूनही. एकच बाजू बंद केली की ओटा वाकतो. (तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका. जवसाच्या किंवा टंग तेलाचं फडकं वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती मोकळ्या हवेत पसरून वाळवली.)

तेलाआधी त्या तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिले. वरच्या बाजूवरचा बराच वेळ तसाच राहिला, आडव्या छेदावरचा पाहता पाहता आत गेला. तेव्हा सिंकच्या कडेला तेलाचे आणखी तीन हात दिले.