जैविक अस्त्रबंदीचा कायदा अभ्यासाला घ्यायचा तर कुठला?

दरवर्षी एलएलएमची मुलं प्रबंधाचे विषय घेऊन येतात, आणि त्यांत जैविक अस्त्रांच्या बंदीवर काम करू पाहणारा एखादा निघतोच. १९७२चा करार त्याने वाचलेला असतो. त्याचं चौथं कलम प्रत्येक देशाला स्वतःच्या हद्दीत बंदी घालायला सांगतं, हेही त्याला ठाऊक असतं. अडतं ते पुढे. नमुना म्हणून समोर कुठला कायदा ठेवायचा? ब्रिटनचा १९७४चा, अमेरिकेचा १९८९चा, की आपला २००५चा? मसुदालेखनाच्या तासासाठी मलाही एकदा या तिघांतून एक उचलावा लागला होता. तेव्हा जे जाणवलं ते सांगतो. दुसऱ्याला वेगळं पटू शकेल.

सुरुवात मी अमेरिकन कायद्यापासून केली आणि दोन वर्षं तोच शिकवला. त्याच्याभोवती खटले भरपूर, त्यामुळे तास रंगतो. पण मूळ मजकूर ‘शस्त्र म्हणून वापरण्यासाठी’ या हेतूवर उभा होता, आणि हेतू सिद्ध करणं किती अवघड असतं ते पाच वर्षांतच दिसलं. १९९५मध्ये ओहायोतल्या लॅरी वेन हॅरिस नावाच्या माणसाने मेरीलँडच्या जीवाणूसंग्रहाकडून प्लेगच्या जीवाणूंच्या तीन कुप्या टपालाने मागवल्या. माल अजून का आला नाही म्हणून त्याने फोन केला, आणि तिथल्या लोकांना शंका आली. कुप्या त्याच्या मोटारीच्या कप्प्यात सापडल्या. शेवटी त्याच्यावर गुन्हा लागला तो मागणीपत्रातल्या खोटेपणाचा, म्हणजे फसवणुकीचा. प्लेग जवळ बाळगणं हा त्या वेळी गुन्हाच नव्हता. २००१ साली ती फट बुजवली गेली. शांततेच्या कामासाठी समर्थन नसलेला प्रकार किंवा प्रमाण जवळ ठेवलं तर दहा वर्षांपर्यंत कैद आली. पण अशा डागडुजीमुळे आज तो कायदा तुकड्यातुकड्यांनी वाचावा लागतो. प्रयोगशाळांची नोंदणी, घातक जीवाणूंची यादी, कुणाला हात लावू द्यायचा आणि कुणाला नाही, हा तुमचा विषय असेल तर मात्र अमेरिकेला पर्याय नाही असं मला वाटतं.

हॅरिसची गोष्ट सांगितली की मी मुलांना मुंबईत आणतो. १९३३च्या नोव्हेंबरात हावडा स्थानकाच्या गर्दीत पाकुडच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडेच्या दंडात कुणीतरी सुई टोचली. आठ दिवसांत तो प्लेगने गेला. जीवाणू आले होते आपल्या मुंबईतून. तारानाथ भट्टाचार्य हा डॉक्टर आधी हाफकिन संस्थेच्या मागे लागला होता, मग आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्याने शिरकाव करून घेतला. प्लेगवरचं औषध तपासायचंय, एवढीच सबब. त्याला आणि अमरेंद्रच्या सावत्र भावाला शिक्षा झाली. आधी फाशी, मग उच्च न्यायालयात जन्मठेप. पण ती खुनाच्या कटासाठी. माणूस मरेपर्यंत कायद्याला त्या काचनळीत लक्ष घालायला जागाच नव्हती.

ही जागा ब्रिटिश कायदा देतो. त्याचं पहिलं कलम सरळ आहे: रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा इतर शांततेच्या कारणासाठी समर्थन देता येणार नाही अशा प्रकारचा आणि अशा प्रमाणातला जैविक घटक किंवा विष कुणीही विकसित करायचं नाही, बनवायचं नाही, साठवायचं नाही, मिळवायचं नाही, जवळ ठेवायचं नाही. शत्रुत्वाने वापरण्यासाठी घडवलेली शस्त्रं आणि साधनंही नाहीत. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. शब्द जवळजवळ कराराचेच आहेत. एरंडेल काढणाऱ्याकडे पेंडीचा ढीग असतो आणि त्या पेंडीत रायसिन हे जहाल विष असतंच. तो गुन्हा नाही, कारण ढीग का आहे हे कुणालाही सांगता येतं. तेच रायसिन शुद्ध करून एखाद्याने कपाटात ठेवलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? काय आहे, किती आहे, कशासाठी आहे, एवढंच विचारायचं. मनात काय होतं ते उकरत बसावं लागत नाही.

आता आपला कायदा. सर्वसंहारक शस्त्रं आणि त्यांची वहनसाधनं यांच्यावरचा २००५चा हा अधिनियम संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने अशी शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती पडू नयेत म्हणून २००४मध्ये केलेल्या १५४० क्रमांकाच्या ठरावानंतर, पुढच्याच वर्षी आला आणि आवाक्याने तिघांत तो मोठा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. निर्मिती, वाहतूक, हस्तांतर, दलाली, निर्यात, सगळं एका छताखाली. परदेशातल्या भारतीय नागरिकालाही तो लागू होतो. तयारी करणंसुद्धा गुन्हा, आणि शिक्षा किमान पाच वर्षं ते जन्मठेप. २०२२च्या दुरुस्तीने पैसा पुरवणाऱ्यालाही त्यात ओढलं. निर्यात नियंत्रण किंवा स्कोमेटची यादी (निर्यातीला परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तू आणि तंत्रज्ञानाची आपली यादी) हा प्रबंधाचा विषय असेल, तर इकडेतिकडे पाहूच नका. जैविक अस्त्राची व्याख्याही करारातलीच आहे, प्रकार आणि प्रमाणासकट.

तरीही मी तो नमुना म्हणून घेतला नाही, एका शब्दापायी. कलम आठ म्हणतं, कुणीही जैविक किंवा रासायनिक अस्त्र ‘अनलॉफुली’, म्हणजे बेकायदेशीरपणे, बनवू, मिळवू, बाळगू नये. पहिल्यांदा वाचताना हा शब्द डोळ्यांखालून निघून जातो, कारण कायद्याच्या भाषेत तो जागोजाग असतो. पण इथे त्याची व्याख्या दिली आहे: केंद्र सरकारच्या अधिकाराविना. एका वर्षी कलम वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने व्याख्येचं पान उघडं धरून विचारलं, “सर, मग केंद्र सरकारने अधिकार दिला तर?” मी म्हणालो, भारताने १९७४मध्येच करार मान्य केलाय, प्रस्तावनेतही तो नमूद आहे, सरकार असा अधिकार देणारच नाही. ती म्हणाली, “ते करारात आहे. कायद्यात कुठंय?” तिला दाखवायला माझ्याकडे कलम नव्हतं.

शब्द तिथे कसा आला असावा याचा अंदाज बांधता येतो. त्याच कलमात अण्वस्त्रं आहेत, आणि आपण अण्वस्त्रधारी देश आहोत. तिथे सरकारचा अपवाद ठेवावाच लागतो. तोच शब्द जैविक अस्त्रांच्या वाक्यातही तसाच राहिला. रासायनिक अस्त्रांचं फारसं बिघडत नाही, कारण त्यांच्यासाठी २०००चा वेगळा कायदा आहे आणि त्यातली बंदी निरपवाद आहे. जैविक अस्त्रांना असा दुसरा आधार नाही. शिवाय ज्याला शांततेचं कोणतंच कारण नाही तेच मुळी व्याख्येत जैविक अस्त्र ठरतं, मग त्याला अधिकार द्यायचा तो कशाचा? उद्या न्यायालय कराराशी मेळ घालूनच हा शब्द वाचेल असं मला मनापासून वाटतं. पण मुलांना मसुदा लिहायला शिकवताना न्यायालय सांभाळून घेईल असं सांगणं जिवावर येतं.

आणि हे नुसतं शब्दांचा कीस काढणं नाही. या अस्त्रांचा इतिहास बहुतांशी सरकारांचाच आहे. ब्रिटनने १९४२मध्ये ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सचे बाँब तपासले, आणि ते बेट निर्धोक म्हणून जाहीर व्हायला १९९० उजाडलं. सोव्हिएत संघ तर या कराराच्या तीन अभिरक्षक देशांपैकी, म्हणजे कराराच्या मूळ प्रती सांभाळणाऱ्यांपैकी एक. तरी १९७९च्या एप्रिलमध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत सुटला आणि किमान ६६ माणसं दगावली. दूषित मांसाने झालं असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. खरं काय ते १९९२मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या तोंडून बाहेर आलं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सरकारचा अधिकार होता.

ब्रिटिश कायद्यातही उणिवा आहेतच. खटल्याला ॲटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची, संमती लागते, म्हणजे सरकारचा हात तिथेही आहे. फक्त ती संमती खटल्याला लागते, कृत्याला मिळत नाही. दुसऱ्याकडे सोपवण्याचा गुन्हा आणि देशाबाहेरचं कृत्य २००१च्या दहशतवादविरोधी कायद्याने घालावं लागलं, आणि प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी त्याच कायद्याचा सातवा भाग शेजारी ठेवावा लागतो. पण मूळ मजकूर दोन-तीन पानांत संपतो. वर्गात मोठ्याने वाचला तर अर्ध्या तासात प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक प्रश्नांचं उत्तर मजकुरातच सापडतं. म्हणून हल्ली मी पहिल्या तासाला तो वाचायला देतो, आणि आपला दुसऱ्या.

त्या मुलीने वर्षअखेरीस जो मसुदा दिला, त्यात व्याख्या ब्रिटिश होती, निर्यात आणि पैशांची कलमं आपल्या कायद्यातली. ‘अनलॉफुली’ तिने काढून टाकला होता. त्या जागी खाली एक स्वतंत्र उपकलम होतं: केंद्र सरकारसह कोणत्याही प्राधिकरणाचा आदेश वा परवानगी हा या कलमाखालील बचाव असणार नाही.