बूट-रिपेअर: आधी खालचं बटण, मग वरचं

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट या दोन ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र नांदतात. मजकूर जुळणीचं सॉफ्टवेअर आणि त्याचे जुने फॉन्ट विंडोजवरच धड चालतात, बाकी सगळं मी मिंटवर करते. मिंटच्या आधी त्याच डिस्कवर उबुंटू, म्हणजे दुसरं एक लिनक्स, होतं. मिंट आल्यावरही ते मी ठेवलं, कधीतरी उघडायचे, अपडेट घ्यायचे, बंद करायचे. एका रात्री विंडोजमध्ये जागा कमी पडली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, उबुंटूच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्याच्या वाट्याच्या भागावर) राइट क्लिक केलं आणि डिलीट. ज्या सिस्टीमकडे मी महिनोन् महिने पाहिलं नव्हतं, ती गेल्याने कुणाचं काय अडणार?

रीस्टार्ट केल्यावर कळलं काय अडणार ते. काळा पडदा, त्यावर 'ग्रब' (मशीन सुरू होताना कुठली सिस्टीम उघडायची त्याचा मेनू दाखवणारा प्रोग्राम), एक कोनाकृती खूण आणि लुकलुकणारा कर्सर. मेनू नाही, मिंट नाही, विंडोज नाही. सकाळी एका पुस्तकाची प्रुफं द्यायची होती.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, फॉरमॅट मार. दोन तासांत नवीन कोरं होईल." हा सल्ला मला आयुष्यात इतक्यांदा मिळालाय की आता त्याचा राग येत नाही. पण लक्षात घ्या, अशा वेळी डिस्कवरचं सहसा काहीच गेलेलं नसतं. घर शाबूत असतं, दारावरची पाटी तेवढी पडलेली असते. मशीन सुरू होताना एफ१२ दाबलं (कुठे एफ९ असतं, कुठे एस्केप) आणि आलेल्या यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडला, तर विंडोज मुकाट्याने उघडलं. प्रुफं त्या रात्रीच रवाना झाली. मग शांतपणे बूट-रिपेअरकडे वळले. हे परीक्षण त्याच अवजाराचं.

बूट-रिपेअर हे बिघडलेलं बूट, म्हणजे मशीन सुरू होण्याची प्रक्रिया, दुरुस्त करणारं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे सिस्टीम थेट पेनड्राइव्हवरूनच चालवून) सुरू केलं तर त्याचं पीपीए (सॉफ्टवेअरचं वेगळं ऑनलाइन भांडार) जोडून ते उतरवून घ्यावं लागतं, म्हणजे इंटरनेट हवं. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ते आधीच बसवलेलं असतं, मेनूत अ‍ॅडमिनिस्ट्रेशनखाली. मिंट टाकताना केलेला पेनड्राइव्ह माझ्या खणात पडून होता, त्यामुळे ही पायरी वाचली. नवशिक्यांसाठी मला या अवजाराची हीच सर्वांत मोठी सोय वाटते. ज्या पेनड्राइव्हने सिस्टीम टाकली, त्याच पेनड्राइव्हवर औषधही असतं आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

पेनड्राइव्ह सुरू करतानाच एक घोटाळा होऊ शकतो. बऱ्याच मशीनच्या बूट यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा आधी 'यूईएफआय' लावून. यूईएफआय ही मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, बायॉस ही जुनी. तुमच्या सिस्टीम यूईएफआय पद्धतीने टाकलेल्या असतील तर दुसराच निवडायचा. जुन्या बायॉस पद्धतीने लाइव्ह सुरू करून दुरुस्तीला बसलात तर ग्रब भलत्या पद्धतीने बसण्याचा धोका असतो. आपण कुठल्या पद्धतीने आलोय ते बघायला टर्मिनलची भीती नको. फाइल मॅनेजरमध्ये सिस, त्यात फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर दिसलं की आपण बरोबर दारातून आत आलोय.

बूट-रिपेअर उघडलं की दोनेक मिनिटं ते डिस्क चाळत बसतं. मग छोटी खिडकी येते आणि तिच्यात दोन बटणं. वरचं 'शिफारस केलेली दुरुस्ती', खालचं 'बूटइन्फो सारांश तयार करा'. त्यांच्याखाली प्रगत पर्यायांची घडी. इंटरफेस म्हणावं तर एवढंच. दिसायला जुनाट आहे, पण घाबरलेल्या माणसापुढे दोनच बटणं ठेवणं हा शहाणपणा आहे. फक्त त्यांचा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत झालंय.

वरचं बटण दाबलं की ते कामाला लागतं. काय करणार आहे ते त्या खिडकीत सांगत नाही. बाहेर येताना सांगतं: बूट दुरुस्त झालं, आता हा पत्ता कागदावर लिहून ठेवा. 'कागदावर' हा शब्द तिथे खरोखर आहे आणि मला तो फार आवडला, कारण त्या क्षणी माणसाकडे भरवशाचं दुसरं काही नसतंच.

मी मात्र भीतीपोटी आधी खालचं दाबलं. भीतीने माझं भलं केलं, असे प्रसंग थोडेच.

खालच्या बटणाने एक लांबलचक मजकूर फाइल तयार होते. ती इंटरनेटवर टाकायची का, असं विचारतं. टाकली की एक दुवा मिळतो आणि मदत मागताना तो देता येतो. मी नाही म्हटलं आणि फाइल तिथेच वाचायला घेतली. तिच्यात प्रत्येक पार्टिशनचा प्रकार, नाव आणि यूयूआयडी (त्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक), त्यावर कुठली सिस्टीम आहे, ग्रबच्या कुठल्या फायली कुठे आहेत आणि फर्मवेअरच्या (मशीनमध्येच असलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) बूट यादीत काय क्रमाने नोंदलंय, हे सगळं ओळीने असतं. डिस्कना तुम्ही दिलेली नावंही त्यात उमटतात, तेव्हा दुवा चारचौघांत टाकण्याआधी एकदा नजर टाका. माझ्या एका पार्टिशनचं नाव मी परक्यांना दाखवणार नाही.

पहिल्यांदा हा मजकूर बघून डोळे फिरतात. पण माझं अर्धं आयुष्य प्रुफं वाचण्यात गेलंय आणि प्रुफं वाचायची म्हणजे विसंगती शोधायची. इथेही तेच केलं. पहिल्या, ईएफआयच्या पार्टिशनमध्ये (सगळ्या सिस्टीमच्या बूट फायली इथे असतात) 'उबुंटू' नावाचं फोल्डर होतं आणि त्यात ग्रबची तीन ओळींची कॉन्फिग फाइल. पहिली ओळ म्हणते, अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध. दुसरी म्हणते, त्यातलं बूट, त्यातलं ग्रब हे फोल्डर धर. तिसरी म्हणते, तिथली मोठी कॉन्फिग फाइल वाच. आता तो यूयूआयडी घेऊन खालची पार्टिशनांची यादी तपासली. नव्हताच. कुठेच. पत्ता होता, घर मी पाडलं होतं.

आणि मग डोक्यात उजेड पडला. मिंटसुद्धा ईएफआय पार्टिशनवर स्वतःचं वेगळं फोल्डर करत नाही, तेही 'उबुंटू' याच नावाचं फोल्डर वापरतं. म्हणजे माझ्या दोन्ही लिनक्सची पाटी एकच होती आणि ज्याने शेवटचं ग्रब बसवलं त्याचा पत्ता तिच्यावर राहायचा. शेवटच्या वेळी उबुंटू उघडून मी सगळी अपडेट घेतली होती, त्यात ग्रबही असणार. पाटी उबुंटूच्या नावाने रंगली. पुढे मी उबुंटूच उडवलं. इतकी सरळ गोष्ट, पण ही फाइल नसती तर मी ती कधी जुळवू शकले नसते.

सारांशाच्या तळाशी 'सुचवलेली दुरुस्ती' असा भाग असतो. वरचं बटण दाबल्यास काय होईल ते तिथे साध्या वाक्यात लिहिलेलं असतं: अमुक पार्टिशनवरच्या लिनक्सचं ग्रब, तमुक ईएफआय पार्टिशन वापरून, पुन्हा बसवलं जाईल. दोन्ही नावं माझ्याच मिंटची आणि माझ्याच ईएफआयची आहेत हे ताडून पाहिलं आणि मगच वरचं बटण दाबलं. दुरुस्ती झाली, पेनड्राइव्ह काढला, मशीन सुरू केलं. मेनू आला, मिंट होतं, विंडोज होतं.

जरा जास्तच होतं. विंडोजची नेहमीची नोंद होतीच, शिवाय तिच्याच एक-दोन आवृत्त्या आणि ईएफआय फायलींच्या काही विचित्र नोंदी. बूट-रिपेअर ग्रबच्या 'ग्रब.डी' फोल्डरमध्ये '२५_कस्टम' नावाची फाइल टाकतं, हा पसारा तिच्यातून येतो. हेतू चांगला आहे, एक वाट बंद पडली तर दुसरी असावी. पण जी बाई आधीच 'कुठली ओळ दाबू' या पेचात आहे तिला सहा ओळी दाखवून काय साधतं? सगळं सुरळीत चालतंय याची खात्री झाल्यावर ती फाइल हलवून ठेवली, अपडेट-ग्रब ही मेनू नव्याने बनवणारी कमांड चालवली, मेनू पुन्हा चार ओळींचा झाला.

प्रगत पर्यायांबद्दल थोडं. तिथे 'ग्रब पूर्ण काढून पुन्हा बसवा' असाही पर्याय आहे. साध्या दुरुस्तीने भागत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला इंटरनेट लागतं आणि मधूनच टर्मिनलमध्ये कमांड चिकटवायला सांगतं. एकेकाळी विंडोजची ईएफआय फाइल बाजूला ठेवून तिच्या नावाने ग्रब बसवण्याचा पर्यायही त्यात असायचा, हट्टी फर्मवेअरला चकवण्यासाठी. ते कुठल्याही जुन्या सल्ल्यात वाचलंत तर आंधळेपणाने करू नका. आणि विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बूटच्या साखळीला हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. बूटच्या पद्धतीत फरक दिसला की विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा शोधाशोध करणं फार महागात पडतं.

खरं सांगायचं तर माझ्या बाबतीत या अवजाराची गरजही नव्हती. हे मला नंतर समजलं. तो काळा पडदा म्हणजे ग्रब जिवंत आहे आणि आज्ञेची वाट बघतंय. तिथे 'एलएस' लिहिलं की पार्टिशनांची यादी येते. एकेकाच्या आत डोकावून ज्यात बूट आणि त्यात ग्रब सापडेल ते पकडायचं. माझ्याकडे ते सहावं होतं, म्हणून 'कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी६)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी' एवढं लिहिलं असतं (टाइप अर्थातच रोमनमध्ये) तर हरवलेला मेनू समोर उभा राहिला असता. मिंट उघडायचं, टर्मिनलमध्ये सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. संपलं. लाइव्ह पेनड्राइव्हसुद्धा नको. पण पडद्यावर 'ग्रब'च्या पुढे 'रेस्क्यू' असा शब्द असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे ग्रबला कॉन्फिगफाइल म्हणजे काय तेच कळत नाही. आधी प्रीफिक्सचा, म्हणजे ग्रबच्या फोल्डरचा, पत्ता द्यावा लागतो, मग नॉर्मल हे मॉड्यूल भरावं लागतं.

हाताने करणाऱ्यांसाठी आणखी एक अडथळा आहे. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. काही वितरणं तो चालू करून देतात, काही नाही. अपडेट-ग्रबनंतर विंडोज मेनूत दिसलं नाही तर ते गेलं असं समजून रडू नका. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ओएस-प्रोबर बंद करणारी ओळ 'फॉल्स' करा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.

सुपर ग्रब२ डिस्क या दुसऱ्या अवजाराशी तुलना करायची तर ती फक्त वाट दाखवते. डिस्कवर काही लिहीत नाही, सापडतील त्या सिस्टीमची यादी देते आणि निवडाल ती सुरू करते. रात्रीच्या रात्री काम उरकायचं असेल तर ती जास्त सुरक्षित. पण का बिघडलं ते ती सांगत नाही. यूईएफआयच्या मशीनवर विंडोजची बूटरेक, फिक्सएमबीआर ही कमांड चालवा म्हणून सांगणाऱ्यांकडे मात्र सरळ दुर्लक्ष करा. एमबीआरमधल्या (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या) ज्या ४४६ बाइटच्या कोडला ती कमांड हात लावते, तो कोड यूईएफआय वाचतच नाही.

पुढे काही आठवड्यांनी दादाचाच फोन. त्याच्या मशीनवर मेनू यायचा बंद झाला होता, थेट विंडोज उघडत होतं. कुठेतरी वाचून त्याने विंडोजमधून बीसीडीबूट (विंडोजच्या बूट फायली पुन्हा बसवणारी कमांड) चालवलं होतं. मी माझाच पेनड्राइव्ह घेऊन गेले, खालचं बटण दाबलं, सारांश उघडला. ग्रबच्या फायली जागच्या जागी, तीन ओळींमधला यूयूआयडीही यादीत हजर. फक्त फर्मवेअरच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर जाऊन बसला होता. तळाशी बूट-रिपेअर तरीही ग्रब पुन्हा बसवायचं म्हणत होतं.

वरच्या बटणाकडे गेलेच नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'उबुंटू'ची ओळ वर सरकवली आणि सेव्ह केलं. मेनू आला. दादा म्हणाला, "एवढंच होतं?" मी म्हटलं, "एवढंच. आता पेनड्राइव्ह परत दे."