क्लिकर घ्यावा, की तोंडानंच भागवावं?

परवा इथल्याच, नागपुरातल्या मनीषनगरातल्या एका मित्राचा फोन आला. घरी तीन महिन्यांचं पिल्लू आणलंय. मारायचं नाही, खाऊ देऊन शिकवायचं, इथवर त्याचं ठरलेलं आहे. आता क्लिकर, म्हणजे दाबली की टक्‌ वाजणारी ती छोटी डबी, मागवू की नको, एवढंच सांग म्हणाला. त्या ‘एवढंच’वर मी पाऊण तास बोललो. तेच इथे जरा नीट मांडतो, कारण मी दोन्ही करून पाहिलंय आणि दीडशे रुपयांना घेतलेला क्लिकर आज आमच्या फ्रिजवर धूळ खात पडलाय.

खाऊची पद्धत माहीत आहे असं धरून चालतो. मुद्दा फक्त खुणेचा आहे. कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातला, फुटाणा काढला, वाकून दिला. तेवढ्यात दोन-तीन सेकंद गेले आणि कुत्रं उठून तुमच्या खिशावर उडी मारून मोकळं झालं. म्हणजे बक्षीस बसण्याला नाही, उडीला मिळालं. म्हणून ‘हे आत्ता केलंस ना, ते’ असं सांगणारी एक खूण मध्ये लागते आणि खाऊ मागाहून आला तरी चालतो. ही खूण डबीच्या टक्‌ आवाजानं करायची की तोंडच्या शब्दानं, एवढाच वाद.

आमची भुरी गावठी. चार वर्षांपूर्वी त्रिमूर्तीनगरात आमच्या कंपाउंडच्या आडोशाला पावसात भिजत बसली होती, ती घरातच आली. गुणी आहे, पण तीन खोडी होत्या. पाहुण्यांच्या अंगावर उडी, फिरताना पट्ट्याची ओढ आणि सकाळची कचरागाडी. गाडीचं गाणं दोन गल्ल्या पलीकडून ऐकू आलं की हिचं सुरू, ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत. शेजारचे काका एकदा गेटवरून म्हणालेच, ‘काहून एवढी भुंकून राहिली बे ही? गाडीत काय हिचा कोणी लागते का?’

मध्ये एक ट्रेनरही बोलावून पाहिला होता. पहिल्याच दिवशी त्यानं पिशवीतून चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, काढली आणि मी त्याला चहा पाजून रवाना केलं. त्या वाटेला जाणाऱ्यांसाठी एकच सांगतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये 92 पाळीव कुत्री तपासली. झटके, दरडावणी यांवर भर असलेल्या शाळांमधल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं सापडलं. बक्षिसावर शिकणाऱ्यांत तसं नव्हतं. हा विषय माझ्यापुरता संपला.

आधी क्लिकरची बाजू, आणि ती लंगडी नाही. पूर्वी जत्रेत टिनाचा बेडूक मिळायचा, पोटाशी दाबला की टक्‌ वाजायचा. क्लिकर म्हणजे तोच, फक्त प्लास्टिकच्या डबीत. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 च्या एका लेखात प्राणी शिकवायला असलंच खेळणं सुचवलं होतं. कुत्र्यांच्या दुनियेत ते रुजवण्यात मोठा वाटा केरन प्रायर यांचा. त्या आधी हवाईत डॉल्फिनना शिकवायच्या. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही की कान पकडता येत नाही, मग शिट्टी आणि मासा एवढ्यावरच सगळं शिकवायचं. शिट्टीच्या जागी टक्‌ आली, माशाच्या जागी चिकन.

क्लिकरचा खरा गुण म्हणजे त्याला मूड नसतो. सकाळी वाजतो तसाच ऑफिसात बॉसशी वाजल्यावरही वाजतो. शिवाय तो क्षण अगदी नेमका पकडतो. भुरीला तळहाताला नाक लावायला मी क्लिकरवरच शिकवलं. आधी वीसेक वेळा नुसतं टक्‌ आणि लगेच खाऊ, मग हात पुढे. नाक लागलं की टक्‌. दुसऱ्या संध्याकाळी ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून येऊन हाताला नाक लावत होती. माझा अकरा वर्षांचा मुलगा यात माझ्याहून वाकबगार निघाला, त्याची बोटं गेम खेळून तयार झालेली. नखं कापायची प्रॅक्टिसही त्यानंच करून घेतली. पंजा हातात घेतला की टक्‌, नेलकटर नुसता टेकवला की टक्‌. तीन आठवड्यांत भुरी नखांच्या वेळी निजून राहायला लागली. हे काम शब्दानं इतकं सफाईनं झालं असतं का? मला शंका आहे.

आता माझं जिथे बिनसलं ते.

पहिली गोष्ट हातांची. आमच्याकडे फिरायला निघायचं म्हणजे एका हातात पट्टा, दुसऱ्यात गल्लीतली कुत्री अंगावर आली तर असावी म्हणून काठी, कोपराला शी उचलायची पिशवी, कमरेला खाऊचा बटवा. मे महिन्यात त्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. पारा सेहेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पहाटे पाचलाच निघावं लागतं, आणि तेव्हाही हात घामानं ओले. क्लिकर मनगटाला लटकवला तर काठीवर आपटून आपोआप वाजतो, खिशात ठेवला तर स्कूटरवर बसताना वाजतो. वाजला की खाऊ द्यावाच लागतो, हा पद्धतीचा कणा आहे. एका रविवारी आमच्या दिवट्यानं टीव्ही बघता बघता तो चाळीसेक वेळा वाजवला. भुरी पहिल्या पाच-सहा वेळा धावत आली, मग नुसती मान वर करायला लागली, मग तेही बंद. बाउन्स झालेल्या चेकची बँकेत जी किंमत, तीच त्या आवाजाची झाली. पुन्हा भाव आणायला मला चार दिवस आणि अर्धा किलो चिकन लागलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. निकाल लावला तो एका मंगळवारनं.

कचरागाडीचं आम्ही लांबूनच सुरू केलं होतं. गाणं जेमतेम ऐकू येईल अशा मागच्या खोलीत भुरीला घेऊन बसायचं, कान टवकारले पण भुंकली नाही की टक्‌ आणि खाऊ. असं करत करत मधल्या खोलीपर्यंत आलो होतो. त्या मंगळवारी मी ओट्यापाशी पोह्यांना फोडणी घालत होतो. गाडी अवेळी आली. भुरी पुढच्या दारात उभी, समोर जाळी, जाळीपलीकडे गाडी. मी वळून बघतो तर ती भुंकत नव्हती. गाडीकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. दीड महिना ज्याची वाट बघितली तो क्षण, न मागता, समोर उभा. आणि क्लिकर? फ्रिजवर, मुलाच्या हाती लागू नये म्हणून मीच वर ठेवलेला. मी झारा टाकून धावलो, टाचा उंचावून फ्रिजवर चाचपडलो, कॅलेंडर खाली पाडलं. भुरीला वाटलं, चला, बाबाही सामील झाले! तिनं असा काही आवाज काढला की गाडीवाला खाली उतरून बघायला लागला. मोहरी करपली ती वेगळीच.

आई देवघरातून सगळं बघत होती. म्हणाली, ‘तिले खेळणं पाहिजे का तुले? तोंड कशाले दिलं देवानं?’

तिचं म्हणणं बरोबर होतं असं मी तेव्हा कबूल केलं नाही. पण कुत्र्याचं चांगलं वागणं वेळ ठरवून येत नाही. शिकवणीच्या पंधरा मिनिटांत क्लिकर राजा आहे. उरलेल्या दिवसात तो फ्रिजवर असतो. आणि रोजच्या खोडी त्या उरलेल्या दिवसातच सुधारतात.

म्हणून शब्दाकडे वळलो, आणि तिथेही आधी तोंडघशी पडलो. ‘शाब्बास’ बाद होता, कारण घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण भुरीला विनाकारण शाब्बास म्हणतो. मग मी मोठ्या हुशारीनं ‘हौ’, म्हणजे आमच्याकडचा ‘हो’, निवडला. लहान, ठसठशीत, आईलाही म्हणता येईल असा. दोन दिवसांत भुरीला पक्का झाला. तिसऱ्या दिवशी बायकोला तिच्या बहिणीचा फोन आला. ‘हौ... हौ ना... हौ बाई, हौ.’ प्रत्येक हौला भुरी तिच्यासमोर येऊन बसे, डोळ्यांत हिशोब. नागपुरात राहून ‘हौ’ ही खूण ठरवणं म्हणजे मुंबईत लोकलचा भोंगा ठरवण्यासारखं आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेवटी ‘टिक’वर स्थिरावलो. घरात कोणी एरवी म्हणत नाही, तोंडातून चटकन निघतो, आणि हात मोकळे. आता दूधवाल्यानं बेल वाजवली आणि चारही पाय जमिनीवर राहिले की जो जवळ असेल तो ‘टिक’ म्हणतो. आई ‘टिक गं बाई टिक’ म्हणते. भुरीला त्यातला पहिला टिक पुरतो. गॅसपाशी असलो तरी आधी टिक, मग हात पुसून खाऊ. कचरागाडीला त्यानंतर साधारण दीड महिना लागला. आता ती एकदा ‘बुफ्‌’ करते, माझ्याकडे बघते आणि बटव्याकडे चालायला लागते. तेवढ्या एका बुफ्‌वर आमचं भागतं.

शब्दाची खोट मात्र सांगायला हवी, नाहीतर पक्षपात होईल. शब्दाला मूड असतो. एका संध्याकाळी वर्धा रोडवर तासभर अडकून घरी आलो आणि दारातच ‘टिक’ म्हणालो. भुरीनं कान मागे पाडले. माझ्या आवाजात सिग्नल, हॉर्न, सगळं होतं. शिवाय पाचजणांचे पाच टिक वेगळे. सुरुवातीला भुरी फक्त माझाच मानायची, बाकीच्यांचे मानायला दोनेक आठवडे लागले. मलाही सवय लावून घ्यावी लागली की टिक म्हणताना फक्त टिक म्हणायचं. त्याच्यामागे ‘माझी बाय ती, किती गं शहाणी’ हे शेपूट लावायचं नाही.

शिकण्याचा वेग कशानं वाढतो, यावर इटलीतल्या संशोधकांनी 2016 मध्ये 51 कुत्र्यांवर प्रयोग केला होता. काहींना क्लिकर, काहींना शब्द, काहींना नुसताच खाऊ. तिन्ही गटांत फरक आढळला नाही. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि दीडशे रुपयांचं वाईटही.

दोन्हींत खाऊ तोच लागतो, तेव्हा त्याबद्दल थोडंसं. उन्हाळ्यात पनीर बटव्यात टिकत नाही, दहा मिनिटांत घाम सोडतं. मी बिनमिठाचे, सालं काढलेले फुटाणे नखाएवढे तुकडे करून ठेवतो, आणि अवघड कामाला, म्हणजे गाडीला, उकडलेलं चिकन. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, विषारी ठरतात. सावजीच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणारे लोक मी पाहिलेत. त्यातला कांदा-लसूणही कुत्र्याला चालत नाही, नुसतं धुऊन भागत नाही. हा सगळा खाऊ दिवसभराच्या जेवणाच्या दहाव्या हिश्श्यात बसवा, नाहीतर कुत्रं शहाणं आणि गोल होतं.

मित्र एकटा राहतो, दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत कबुतरं. त्याच्याकडे क्लिकर वाजवून वाट लावायला पोरगं नाही आणि फोनवर हौ म्हणायला बायको नाही. पिल्लाला पलटी मारणं, शेकहँड असलं काही शिकवायचं असेल तर क्लिकर त्याला कदाचित माझ्यापेक्षा जास्त मानवेल. आवाजाला भिणारं पिल्लू असलं, विशेषतः दिवाळी पाहिलेलं, तर आधी बॉलपेनची टिकटिक वाजवून पाहावी. डबीची टक्‌ जवळून ऐकली तर चांगलीच कडक असते. पण घरात माणसं असतील, दार सतत वाजत असेल आणि खोड्या रोजच्याच असतील, तर मी तरी आता शब्दाशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. फक्त तो नीट निवडा, घाई करू नका.

हे सगळं ऐकून तो म्हणाला, ‘मग तुझा तो फ्रिजवरचा पडूनच आहे ना? दे मले, पाहतो वापरून.’

मी ‘हौ’ म्हटलं. भुरी बाल्कनीतून उठून आली आणि समोर बसली.